अठ्ठावीस दिवसांचं गिऱ्हाईक

१

मेलेला नंबर वाजला, असं चिमाबाईंच्या तेरा वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच घडत होतं.

चाकणच्या आंबेठाण चौकात कंपनीच्या बसेस थांबतात, त्याच्या मागच्या गल्लीत बाईंची रिचार्जची टपरी. नवरा भीमराज कंपनीत होता. तो गेल्यावर बाईंनी रडून घेतलं आणि दुसऱ्या महिन्यात टपरी टाकली. शिक्षण सातवी, पण डोकं असं की आख्ख्या गल्लीचे नंबर तोंडपाठ. माणसं त्यांना नावानं कमी आणि व्हॅलिडिटीनं जास्त ओळखू यायची. रस्त्यात कुणी भेटलं की आधी हाक, मग लगेच, "तुमची परवा संपतीया बरं का." लोक चिडवायचे, की यमाकडे नसेल एवढी तारखांची यादी चिमाबाईंकडे आहे.

तर त्या गुरुवारी सकाळी टपरीसमोर एक मोटारसायकल थांबली. मागं बसलेली मुलगी उतरली आणि बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. शेवटचे चार आकडे चौसष्ट एकवीस. मापाडी दौलतरावांची लेक श्रद्धा. कॉलेजात असल्यापासून तिचा रिचार्ज बाईच मारत आलेल्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात तिनं सिद्धेशशी लग्न करायचं ठरवलं. सिद्धेश बौद्ध, तिच्याच कंपनीत क्वालिटीला. दौलतराव दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या लेखी तू मेलीस, या घरातलं काही नेऊ नकोस. पोरगीही त्यांचीच. बाबांनी घेऊन दिलेला मोबाईलसुद्धा तिनं टीव्हीवर ठेवला आणि अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली. तेव्हापासून दोघं पिंपळे सौदागरला राहत होती. नंबर नवा, माणसं नवी.

श्रद्धा बाकावर बसली आणि तिनं जे सांगितलं ते असं होतं. सिद्धेशची होसूरला बदली झाली होती. रविवारी निघायचं होतं. जुन्या बँक खात्याला अजून जुनाच नंबर जोडलेला, तो बदलायचा म्हणून तिनं कागद काढले. तेवढ्यात मनात आलं, आपला नंबर आता कुणाला गेला असेल? गंमत म्हणून तिनं मंगळवारी सकाळी अकराला तो लावला. रिंग गेली. कुणीतरी उचलला. मागं गर्दीचा गलका होता, पण उचलणारा बोलेना. अर्धा मिनिट तो गप्प आणि ही गप्प, मग फोन कट. रात्री आठला लावला तर स्विच ऑफ. बुधवारी अकराला पुन्हा तेच. उचलला, गप्प, कट.

सिद्धेशनं तिला मोबाईल कंपनीच्या गॅलरीत नेलं. तिथं आधार कार्ड दाखवल्यावर कळलं की नंबर दुसऱ्या कुणाला गेलेलाच नाही. अजून तिच्याच नावावर आहे आणि दर अठ्ठावीस दिवसांनी त्यावर रिचार्ज होतंय.

"माझ्या नावाचा नंबर कुणीतरी वापरतंय, काकू," श्रद्धा म्हणाली.

सिद्धेशचं म्हणणं सरळ होतं. आजकाल दुसऱ्याच्या सिमवर लोक कर्ज काढतात, काय काय करतात. गॅलरीतून डुप्लिकेट कार्ड मिळालंच होतं, ते श्रद्धाच्या पर्समध्ये होतं. ते फोनमध्ये घालून चालू केलं, की तिकडचं कार्ड तासाभरात मेलं. विषय संपला.

मग अजून का घातलं नाही, असं बाईंनी विचारलं. श्रद्धा बराच वेळ पर्सच्या चेनशी खेळत राहिली.

"चोर असेल तर आत्ता बंद करते," ती म्हणाली. "पण घरातलं कुणी असेल तर... काकू, त्या घराशी माझं बाकी काहीच उरलेलं नाही. मी बंद केला, तर त्यांना वाटेल मीसुद्धा दार लावून घेतलं."

चिमाबाईंनी उगाचच काउंटर पुसला. मग म्हणाल्या, "शनिवारपातुर कार्डाला हात लावू नगंस. मी बघती."

२

श्रद्धानं गॅलरीतून मागच्या सहा महिन्यांच्या रिचार्जचा कागद आणला होता. सात रिचार्ज. सिद्धेशनं मोबाईलमधलं कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या आणि तो एकदम ताठ बसला. सातही गुरुवार. आणि गुरुवार म्हणजे इकडच्या कंपन्यांचा सुट्टीचा वार. श्रद्धाचा भाऊ ज्ञानेश भोसरीच्या कंपनीत, त्याची सुट्टी गुरुवारी. शिवाय लग्नाच्या वेळी सगळ्यांत जास्त आरडाओरडा त्यानंच केलेला. अजून काय पुरावा पाहिजे?

बाई खुदकन हसल्या. जावईबापू, इंजिनीयर ना तुम्ही, असं म्हणून त्यांनी त्याला धंद्यातली पहिली गोष्ट समजावली. अठ्ठावीस दिवस म्हणजे मोजून चार आठवडे. पहिला रिचार्ज ज्या वारी पडला, त्याच वारी दर वेळी प्लॅन संपणार. सोमवारी चालू केलं असतं तर सातही सोमवार आले असते. गुरुवार त्या माणसाचा नाही, प्लॅनचा आहे. कागदावरून एवढंच कळतं, की हा माणूस एक दिवसही चुकत नाही.

आणि दुसरं म्हणजे, प्रीपेडला करार नाही, सही नाही. पैसे टाकले की अठ्ठावीस दिवस बोला, नाही टाकले तर गप्प बसा. कुणाच्याही नंबरवर कुणीही रिचार्ज मारू शकतं. मारणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही, की नातं विचारत नाही. सिद्धेशचे कान लाल झाले, पण पोरगा समंजस होता. चुकलं म्हणाला.

तरी ज्ञानेशला विचारायलाच हवं होतं. तो सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी टपरीवर येतोच. आला. बाईंनी आडवळण न घेता विचारलं, बहिणीच्या मोबाईलचं काय झालं.

ज्ञानेशनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग कबूल केलं, की मोबाईल त्यानं त्याच महिन्यात विकला. कार्ड काढून टीव्हीवरच ठेवलं होतं. ते बाबांनी उचललं आणि मोडून टाकतो म्हणाले. बस, पुढचं त्याला माहीत नव्हतं. त्यालाही आता तेव्हाचं वाईट वाटत होतं. श्रद्धानं एकदा आईच्या फोनवर फोन केला होता, तो नेमका यानंच उचलला. रागात म्हणाला होता, की तुझ्यापायी बाबांनी फोनच सोडून दिला, आता इथं फोन करू नकोस.

"खोटं नव्हतो बोललो, काकू," तो मान खाली घालून म्हणाला. "बाबांनी खरंच सोडलाय फोन. तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाहीत."

म्हणजे कार्ड मोडलेलं होतं. मग वाजत काय होतं?

३

त्या कागदावर तारखेसमोर दुकानदाराचा नंबरही होता. सातही वेळा एकच. सिद्धेशला ते नुसते आकडे वाटले, पण बाईंनी पाहताक्षणी ओळखलं. कांदा मार्केटच्या गेटावर सोपानरावांची चहा आणि रिचार्जची गाडी. सोपानराव आणि बाई एकाच डिस्ट्रिब्युटरकडून माल घ्यायचे. दोघांत गिऱ्हाइकांवरून दर दिवाळीला एकदा तरी भांडण ठरलेलं.

शुक्रवारी दुपारी बाई मार्केटला गेल्या. दौलतराव त्याच मार्केटात मापाडी. सकाळी सातपासून काट्यावर उभे. आणि त्यांची बायको यशोदाबाई शेडमध्ये कांदा निवडायला. दोघंही त्याच गेटानं आत जातात, त्याच गेटानं बाहेर येतात. चोर आता बाईंना दिसतच नव्हता. पण माणूसही दिसत नव्हता.

सोपानरावांनी चहा दिला आणि तोंड बंद ठेवलं. गिऱ्हाइकाचं नाव सांगणार नाही, म्हणाले. तुम्ही सांगाल का कुणाचं, असा उलटा सवाल टाकला. बाईंना ते पटलं, आणि राग आला तो पटल्याचाच.

मग त्यांनी नाव सोडलं आणि धंद्याचं बोलायला लागल्या. प्लॅन कुठला मारता त्या नंबरवर? सोपानराव खुलले. तेच तर नवल, म्हणाले. दिवसाला दोन जीबीचा, कॉलेजच्या पोरांचा महागाचा प्लॅन. भाव वाढले तेव्हा सोपानरावांनी स्वतःहून सांगितलं होतं, की नेट लागत नसेल तर स्वस्तातला घ्या, नंबर तेवढाच चालू राहील. पण नाही. पहिला होता तोच टाका, त्यात बदल नको. आणि नेट तर वापरतच नाही ते गिऱ्हाईक, एक थेंब नाही.

"दर खेपेला एकच विचारतं," सोपानराव कपबशी विसळत म्हणाले. "इनकमिंग चालू राहील ना? मी म्हणतो, राहील. एवढं ऐकून जातं. बाई, खरं सांगू? त्या गिऱ्हाइकाला मी कधी चहाचे पैसे लावत नाही."

बाई परत निघाल्या तेव्हा त्यांना चालताना दोनदा थांबावं लागलं. इनकमिंग. त्या माणसाला फोन करायचा नव्हता. कुणाचा तरी यायची वाट बघायची होती.

४

शनिवारी सकाळी दहाला श्रद्धा आणि सिद्धेश टपरीवर आली. घरात खोके भरून झाले होते. श्रद्धाचे डोळे सुजलेले. बाईंनी सोपानरावांचं ऐकलेलं सगळं सांगितलं आणि ते संपायच्या आत श्रद्धा रडायलाच लागली.

"आई," ती म्हणाली. "आईच असणार. आई मार्केटला जाते. तिला प्लॅनमधलं काही कळत नाही. ज्ञानेशपासून लपवून ठेवलं असेल तिनं."

सिद्धेशलाही पटलं. त्याला तर आता सगळंच पटत होतं, फक्त बायको रडायची थांबायला हवी होती. पण चिमाबाईंनी मान हलवली. शुक्रवारची पूर्ण रात्र त्यांनाही तसंच वाटलं होतं, आणि तसं वाटून बरं वाटलं होतं. सकाळी चहा गाळताना मात्र एकेक गोष्ट बसेना.

"पोरी, तुझी आई अर्धा मिनिट गप बसंल?" बाई म्हणाल्या. "ती राँग नंबरवाल्याचीबी चौकशी करती, लेकरंबाळं किती म्हनून."

श्रद्धाला रडता रडता हसू आलं. ते खरं होतं.

मग बाईंनी एकेक बोट दुमडून मोजायला सुरुवात केली. यशोदाबाईंच्या फोनचं सगळं ज्ञानेश बघतो. रिचार्ज तोच मारतो, फोटो तोच काढून टाकतो. त्यात दुसरं कार्ड असतं तर त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. म्हणजे कार्ड त्या फोनात नाही. नेट एक थेंब वापरलं जात नाही, म्हणजे फोन साधा, बटणांचा असणार. सकाळी अकराला उचलला जातो आणि रात्री आठला बंद असतो, म्हणजे तो कामाच्या जागी चालू आणि घरी बंद. घरच्यांपासून लपवलेला. आणि रिचार्ज घरापासून इतक्या लांब, सोपानरावांकडे. माझ्याकडे का नाही? कारण हा नंबर कुणाचा ते मला माहीत आहे, आणि त्या माणसाला ते ठाऊक आहे.

श्रद्धा आता बाईंकडे एकटक पाहत होती.

"आता मला सांग," बाईंचा आवाज हळू झाला, "तू कधी बाबाला फोन लावला व्हता का? खरं सांग."

श्रद्धानं खाली पाहिलं. लावला होता. त्याच वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याला. सिद्धेशलाही सांगितलं नव्हतं. नंबर अस्तित्वात नाही, असं पलीकडची बाई म्हणाली. ज्ञानेशनं बाबांनी फोन सोडला म्हणून सांगितलेलं तिला खरं वाटलंच नव्हतं; आपला फोन येऊ नये म्हणून बाबांनी नंबरच बदलला, असं तिनं धरलं. त्या दिवशी तिनं मनातून ते घर पुसून टाकलं. पुन्हा कधी लावला नाही.

"न्हाई बदलला," चिमाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांना दोन वर्षं माहीत होतं आणि तरी कळलं नव्हतं. दौलतरावांचा नंबरही बाईंच्याच टपरीवरचा. श्रद्धा मार्चात गेली आणि एप्रिलात दौलतरावांची व्हॅलिडिटी संपली. ते आले नाहीत. बाईंना मंडईत भेटले तेव्हा त्यांनी नेहमीसारखी आठवण केली. तर म्हणाले, सोडला मोबाईल, आता कुणाशी बोलायचंय? बाईंनी विश्वास ठेवला. ज्ञानेशनं ठेवला, यशोदाबाईंनीही ठेवला. प्रीपेडचा नियमच असा, की प्लॅन संपला की आधी आपलं बोलणं बंद होतं, मग काही दिवसांनी येणारेही फोन बंद. असाच तीनेक महिने पडून राहिला तर कंपनी नंबर काढून घेते. दिवाळीला श्रद्धानं फोन लावला तोवर बापाचा नंबर केव्हाच गेलेला होता.

"दौलतरावाचा फोन जुना, एकाच कार्डाचा," बाई म्हणाल्या. "त्यात येक तर त्येचा नंबर चालंल, न्हाई तर तुजा. त्येनं सोताचा मरू दिला."

बाहेर कंपनीची बस हॉर्न देऊन निघून गेली.

"पण माझा का?" श्रद्धानं विचारलं. "माझ्याच नंबरवर मी कशाला फोन करीन? कुणी स्वतःच्या नंबरवर करतं का?"

"आगं, माणूस शानपनानं वागलं आसतं तर तुला घराबाहेर काडलंच नसतं," बाई म्हणाल्या. "तुजा नवा नंबर त्येच्याकडं न्हाई. मागायचा कुनाला, कुठल्या तोंडानं? तू त्येच्या हातात येकच गोष्ट ठिवून गेली व्हतीस. ती त्येनं मोडतो म्हनला आन् खिशात घातली."

सिद्धेश उठून टपरीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला दोन वर्षं त्या माणसाचा राग होता आणि तो आता ठेवायचा कुठं, ते त्याला कळत नव्हतं.

श्रद्धा मात्र मानायला तयार नव्हती. बाईंचा हिशेब चुकू शकतो, म्हणाली. बाबा असते तर बोलले असते. दारात कसे बोलले होते ते मी ऐकलंय. त्या माणसाला लेक नको होती. तिच्या आवाजात राग होता, पण रागाच्या खाली जी भीती होती ती बाईंना स्वच्छ ऐकू आली. एकदा आशा धरावी आणि पलीकडून पुन्हा तेच वाक्य यावं, एवढी एकच भीती.

"मग बघूया," चिमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी काउंटरवरचा आपला फोन उचलला.

५

अकरा वाजून गेले होते. शनिवार, म्हणजे मार्केट भरलेलं. बाईंनी नंबर बघून लावला नाही, बोटांना पाठ होता. स्पीकर चालू केला आणि श्रद्धाला हातानं गप्प राहायची खूण केली.

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. तोच गलका. कुणीतरी गोण्यांचा आकडा ओरडत होतं. पलीकडचं माणूस नेहमीसारखं गप्प.

"हॅलो," चिमाबाई म्हणाल्या. "कोन बोलतंय?"

पलीकडून श्वास ऐकू आला. बाईंचा आवाज त्या माणसाला गलक्यात ओळखू आला नाही, पण हवा असलेला तो नव्हता, हे त्या श्वासातच कळलं. मग एक घोगरा, थकलेला आवाज आला.

"ह्यो श्रद्धाचा फोन हाय. ती बाहेर गेलीया. काय निरोप आसंल तर सांगा, आल्यावर सांगतो तिला."

श्रद्धानं तोंडावर हात दाबला. घरी असताना ती अंघोळीला गेली, दळणाला गेली, की तिचा वाजता फोन उचलून बाबा हेच म्हणायचे. शब्दन् शब्द हाच. दोन वर्षं सात महिने ती फक्त बाहेर गेलेली होती.

चिमाबाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि स्पीकर बंद करायला गेल्या, पण त्यांना चष्म्यातून बटण दिसेना. राहिला तसाच.

"बाबा," श्रद्धा म्हणाली.

गलक्यात कुठंतरी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग गलका लांब गेला. माणूस शेडच्या मागं आला असावा.

"बाबा, मी बोलतेय."

"कळलं," दौलतराव म्हणाले. "मंगळवारीबी तूच व्हतीस. बुधवारीबी. मला कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलू, बाई?" त्यांचा आवाज फुटला. "तू मेलीस म्हनलो व्हतो मी. आसं बोलल्यालं तोंड, त्येनं आधी कसं बोलावं? म्हनलं, तू हाक मारलीस तर वो दीन. तू मारलीच न्हाईस. मी नुसता कान लावून हुबा ऱ्हायलो."

श्रद्धा रडत होती आणि पुसतही नव्हती. उद्या होसूरला चाललोय, असं तिनं सांगितलं. सामान भरून झालंय, परत कधी येऊ माहीत नाही. एवढं बोलून ती थांबली, कारण पुढचं विचारायचं तिला धाडस होईना. ते तिनं विचारलंच नाही.

चिमाबाई बाहेर रस्त्याकडं बघत राहिल्या. सिद्धेश दारात येऊन उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. बाईंनी त्याला बाकाचं टोक दाखवलं, पण तो बसला नाही.

"कुठून बोलतीस?" दौलतरावांनी विचारलं.

"इथूनच. चिमाकाकूंच्या टपरीवरून."

फोन कट तर झाला नाही ना म्हणून श्रद्धानं स्क्रीनकडं बघितलं.

मग दौलतरावांनी घसा साफ केला.

"जावई संगट हायत का?"

सिद्धेशनं मान वर केली. त्या घरातून हा शब्द त्याच्यासाठी पहिल्यांदाच आला होता. श्रद्धानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला काही बोलता येईना, म्हणून तोच पुढं झाला आणि फोनजवळ वाकून म्हणाला, "आहे, बाबा."

"मंग दोगंबी या," दौलतराव म्हणाले. "तुजी आई शेडमदीच हाय. मी गेटावर हुबा ऱ्हातो."